जाळे जुने झाले, खर्च कोणी करायचा?

लेखमाला : इंटरनेटचे अर्थकारण – लेखांक ६

तांब्याच्या तारांची जागा फायबरने कशी घेतली, हे गेल्या आठवड्यात पाहिले. पण फायबर पुरले म्हणजे काम संपले, असे होत नाही. काचेचा तंतू अनेक वर्षे टिकतो. त्याच्या दोन्ही टोकांची यंत्रे आणि बॅटऱ्या तेवढ्या टिकत नाहीत. रस्ता रुंदीकरणात जेसीबी केबल तोडतो. वापर वाढला की क्षमताही वाढवावी लागते. हा खर्च दरवर्षीचा आहे. तो कोणी उचलायचा?

दूरसंचार कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणते की, जाळ्यावर सर्वाधिक भार टाकणाऱ्या मोठ्या व्हिडिओ आणि ॲप कंपन्यांनी वाटा द्यावा. मागणी वरवर पटते. पण व्हिडिओ आपणहून जाळ्यात शिरत नाही. ग्राहक तो मागवतो आणि त्या डेटाचे पैसे रिचार्जमध्ये आधीच मोजतो. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना एकमेकींकडे पाठवलेल्या डेटानुसार हिशेब चुकता करण्याचा नियम लावला. तेथील नेटवर्क शुल्क अन्य बहुतेक देशांच्या दहापट असल्याचे सांगत ‘ट्विच’ या व्हिडिओ सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियातील व्यवसाय गुंडाळला. नुकसान शेवटी प्रेक्षकांचेच झाले.

जिथे जाळे टाकणे कंपन्यांना परवडत नाही, अशा भागांसाठी आपल्याकडे वेगळा निधी आहे. दूरसंचार कंपन्या समायोजित सकल महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क भरतात. महसुलाच्या या ८ टक्क्यांपैकी ५ टक्के २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधीसाठी आहे. दूरसंचार कायदा २०२३ ने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले. कंपन्यांचा महसूल आपल्याच बिलांतून येतो, म्हणजे या निधीत भर आपणच घालतो. मात्र पैसा आधी देशाच्या संचित निधीत जातो आणि संसदेने मंजूर केला तरच बाहेर येतो. जमा आणि खर्च यांत वर्षानुवर्षे अंतर राहिले ते यामुळे.

त्याची किंमत गावांनी मोजली. याच निधीतून ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ म्हणू लागले. पहिल्या टप्प्यात तालुक्याकडून गावांकडे बहुतांशी एकेरी मार्गाने केबल गेली. मध्ये कुठे तुटली की पुढची सारी गावे बंद. पंचायतीत यंत्र आहे, पण दाखला मिळत नाही, अशी अवस्था. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात वलयाकार जोडणी आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहते. दहा वर्षांच्या देखभालीचीही तरतूद आहे. बारा वर्षे उशिरा का होईना, दिशा योग्य आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. शहरांत, जिथे धंदा नफ्याचा आहे, तिथला खर्च कंपन्यांनी करावा. जिथे नफा नाही तिथे निधीने करावा, आणि त्यासाठी गोळा केलेला प्रत्येक रुपया तिथेच पोहोचावा. नवा कर किंवा नवे शुल्क नंतर.

निधी संसदेच्या मंजुरीने खर्च होतो. तेव्हा आपल्या खासदारांना विचारा : यंदा किती जमा झाले, किती दिले आणि आपल्या जिल्ह्यातील किती ग्रामपंचायतींची जोडणी आज प्रत्यक्ष चालू आहे?