फेसाचं निदान

डोंबिवलीच्या गेटवे ब्रुअरीने २०१४ च्या सुमारास मुंबईच्या बारना केगमधून ताजी बिअर पुरवायला सुरुवात केली. पुण्यात डूलाली त्याच्या आधीच, २००९ मध्ये सुरू झाली होती, पण तिथे बिअर बनायची तिथेच प्यायली जायची. केगमध्ये भरून गावभर निघालेल्या बिअरचं तसं नाही. बनवणाऱ्याच्या हातून ती सुटली की तिचं भवितव्य एक थंड खोली, काही मीटर नळी आणि त्या नळीची देखभाल करणारा मेकॅनिक यांच्या हाती जातं. बिअर बनवणाऱ्यांचं कौतुक आता बरंच होतं. मेकॅनिकचं नाव कोणी घेत नाही, आणि हा सरळ अन्याय आहे.

बिअर आणि शीतयंत्र यांचं नातं जुनं आहे. कार्ल फॉन लिंडेने १८७० च्या दशकात आपलं सुरुवातीचं शीतयंत्र बसवलं ते म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत. घराघरांत फ्रिज आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आजच्या बारमध्ये केग कोल्ड रूममध्ये तीन-चार अंश सेल्सिअसला ठेवतात. वर कपलर बसतो, कार्बन डायऑक्साइडचा दाब बिअरला नळीत ढकलतो आणि काउंटरवरच्या टॉवरमधून ती ग्लासात उतरते. कोल्ड रूम दूर असेल तर बिअरच्या नळ्यांना खेटून ग्लायकोल मिसळलेलं गार पाणी सतत फिरवलं जातं आणि हा सगळा जुडगा जाड इन्शुलेशनमध्ये गुंडाळलेला असतो.

सगळ्यात नेहमीची तक्रार फेसाची. अर्धा ग्लास फेस आला की काउंटरवरचा मुलगा रेग्युलेटर फिरवून दाब कमी करतो. तिथेच चुकतं. द्रवात वायू किती विरघळेल हे दाबावर ठरतं, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्येच दाखवून दिलं होतं; द्रव गरम झाला की तो वायू धरून ठेवत नाही, हा त्याला जोडून येणारा दुसरा नियम. तीन अंशांवरच्या नेहमीच्या बिअरला दर चौरस इंचाला १२-१३ पौंडांचा दाब लागतो. तो उतरवला की वायू नळीतच सुटू लागतो. फेस आणखी वाढतो आणि केगमधली उरलेली बिअर हळूहळू मिळमिळीत होते.

जाणता मेकॅनिक रेग्युलेटरला हात लावण्याआधी ग्लासात थर्मामीटर धरतो. पहिलाच ग्लास फेसाळला आणि पुढचे नीट आले, तर टॉवर तापलेला आहे. ग्लायकोल वरपर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक ग्लास फेसाळत असेल तर तो कोल्ड रूमकडे वळतो. तिथे बहुधा सकाळीच आलेलं केग दुपारी जोडलेलं सापडतं. ५० लिटरचं केग गरम झालं असेल तर ते आतपर्यंत गार व्हायला जवळपास पूर्ण दिवस लागतो. खोलीतल्या हवेचं तापमान तीन अंश दाखवतं, आतली बिअर मात्र दहावर असते. यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं, तरीही ‘गॅस भरा’ म्हणून फोन येतो.

ग्लायकोलचं मिश्रणही असंच फसवतं. टाकीत पाणी कमी दिसलं की कोणीतरी साधं पाणी ओततं. मिश्रण पातळ होतं, कॉइलवर बर्फ धरतो, प्रवाह मंदावतो आणि चिलर जोरात चालूनही टॉवर कोमट राहतो. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की दोष लगेच कळतो. ग्लायकोल घ्यायचं ते खाद्यपदार्थांना चालणारं प्रोपिलीनच. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकोल विषारी असतं, ते इथे कधीही वापरू नये.

उन्हाळ्यात खरी परीक्षा कंडेन्सरची. भिलाई पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सेक्टर २ मध्ये मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तिथे असा चिलर बसवायचा तर त्याला उष्णता बाहेर टाकायची आहे ती आधीच तापलेल्या हवेत. त्यातून फिन्सवर धुळीचा थर बसला आणि मागे भिंत चिकटून असली की कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो, आणि तोही नेमका संध्याकाळच्या गर्दीत. अशा ठिकाणी पुण्याच्या मापाचा चिलर पुरत नाही; तो मोठा घ्यावा, मागे मोकळी जागा सोडावी आणि मार्च संपायच्या आत फिन्स धुवून घ्याव्यात. वॉटर कूलर आणि सोडा मशीनलाही हेच लागू आहे.

थंडाव्याने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. लाइन दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक द्रावणाने धुवावी लागते. द्रावण नळीत फिरवायचं, मग लिटमस कागदावर अल्कलीचा मागमूस उरेनासा होईपर्यंत स्वच्छ पाणी सोडत राहायचं. टॅप उघडून ब्रशने घासायचा, झिजलेले वॉशर बदलायचे. हे टाळलं की बिअरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. गिऱ्हाईक तो दोष ब्रुअरीच्या माथी मारतं आणि पुढच्या वेळी दुसरी बिअर मागवतं.

या कामात जिवाचा धोकाही आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. सिलिंडर किंवा जोड गळत असेल तर बंद कोल्ड रूममध्ये तो खाली साचतो, आणि केग हलवायला वाकलेल्या माणसाला त्याचा वास येत नाही. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासणं आणि दार उघडून थोडं थांबून मग आत जाणं हे नियम मेकॅनिक पाळतात. गॅसचा अलार्म बसवायला मात्र अनेक मालक का-कू करतात. तो पहिलं केग आत ठेवण्याआधीच बसलेला असायला हवा.