सरकीच्या पोटातली गोष्ट

मृग नक्षत्र निघाले की आपल्या नांदेड-लातूर भागातील शेतकरी बियाण्याच्या दुकानापुढे उभा राहतो. माझी आजी विचारते, "आमच्या वक्ताला बी घरचंच असायचं. आता दरसाल इकत का आणावं लागतं?" आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात. मी कला शाखेचा विद्यार्थी. परंतु ग्रंथालयातील वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत जे उत्तर मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुरुवात पेशीपासून करू. १६६५ साली रॉबर्ट हूक याने बुचाच्या पातळ कापात पोळ्यासारखी घरे पाहिली आणि त्यांना 'सेल' हे नाव दिले. वनस्पतीच्या पेशीला सेल्युलोजची भिंत असते. आत पेशीद्रव असतो, हिरव्या भागात अन्न तयार करणारी हरितलवके असतात आणि केंद्रकात गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण या गुणसूत्रांतूनच पुढे जातात. पेशी सहसा सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. कापूस मात्र याला अपवाद आहे. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच लांबलेली पेशी होय! वाळल्यावर उरते ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची भिंत, आणि तिचेच सूत होते.

आता फुलाकडे वळू. कापसाच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. परागकण कुक्षीवर पडला की त्यातून नलिका निघते व बीजांडापर्यंत पोचते. आज सर्वत्र दिसणाऱ्या अमेरिकन कापसाच्या परागातून २६ आणि बीजांडातून २६ गुणसूत्रे येतात. फलनानंतर ती ५२ होतात. पुढे बीजांडाची सरकी बनते व अंडाशयाचे बोंड. आपल्या जुन्या गावरान कापसात मात्र एकूण २६ च गुणसूत्रे असतात.

गावरान वाणाचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून लेकरू आईसारखेच निघे आणि आजीला घरची सरकी चालत असे. संकरित वाणाचे तसे नाही. तेथे मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढतात व दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ हा संकरित कापूस आला. पुढे आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एन.एच.एच. ४४ हा वाण दिला. २००२ पासून आलेले बीटी बियाणेही बहुतांशी संकरितच आहे.

संकराची पहिली पिढी जोमदार व एकसारखी असते. तिची सरकी पुन्हा पेरली तर उगवते. पण दोन्ही आजोळांचे गुण वेगवेगळे फुटतात. एक झाड उंच, दुसरे खुजे. एकाला बोंडे भरपूर, दुसऱ्याला मोजकी. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांतून हाच नियम मांडला होता. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

मग सारेच बी विकत घ्यावे काय? नाही. लातूरकडील सोयाबीनचे फूल उमलण्यापूर्वीच बहुधा स्वपरागित होते, म्हणून त्याचे बी घरचे ठेवता येते. २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा व पेरण्याचा हक्क दिला आहे. मात्र सोयाबीनची साल नाजूक असते. मळणीयंत्रात मार बसला की अंकुर मरतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात पुष्कळ झाल्या. तेव्हा पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि आठवडाभराने मोजावेत. ७० किंवा अधिक चांगले उगवले तर बी पेरण्याजोगे. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, फारच कमी असेल तर ते बी पेरू नये. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही आणि खर्चही नाही. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या आपण साऱ्यांनी येत्या उन्हाळी सुटीत एवढे काम आपापल्या घरी अवश्य करावे.

— बी. ए. द्वितीय वर्ष