गोळी चुकली असती तर?

“आई, सनावळ्या पाठ करून कुणाचं भलं झालंय?” सातवीतल्या आमच्या चिरंजीवांनी इतिहासाचं पुस्तक मिटत विचारलं. अर्धवेळ का होईना, मी शिक्षिका. पण उत्तर काही सुचेना. पानिपतचा धडा चालू होता. १४ जानेवारी १७६१ ही तारीख तोंडपाठ, पण त्या दिवशी काय गमावलं ह्याचं सोयरसुतक नाही!

रात्री मागचं आवरलं आणि त्याला एक गोष्ट वाचून दाखवली. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पंत पुण्याचे, इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते भलत्याच जगात जाऊन पोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली आहे आणि मराठे जिंकले आहेत! मुंबई आहे, पण तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून ठाण मांडून बसलेली. अशा वेळी पंत काय करतात? सरळ ग्रंथालय गाठतात आणि दोन जगांची वाट नेमकी कुठे फुटली ते पुस्तकांत शोधतात. नायकाने तलवार न उपसता पुस्तक उघडावं, हे मला फार आवडलं.

शेवटचा विज्ञानाचा भाग जरा जड आहे. तो मलाच दोनदा वाचावा लागला. पण मुलाने सोडलं नाही. इंग्रजी माध्यमाची मुलं असतील, तर सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात हीच गोष्ट ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाने आलेली आहे. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण मराठीतून गोष्टी लिहीत राहिले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

खरी गंमत पुढेच आहे. रविवारी आम्ही रत्नदुर्गावर गेलो. तिन्ही बाजूंना समुद्र. चिरंजीव तटावरून दक्षिणेकडे बघत म्हणाले, “आई, १७५६ मध्ये विजयदुर्गाला इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. तेव्हा पेशवे इंग्रजांच्याच बाजूला होते. ते तसे नसते तर?”

मी गप्पच झाले. गोळी लागणं कुणाच्या हातात नव्हतं. पण हा निर्णय आपल्याच माणसांनी घेतलेला. आपलं आरमार आपणच परक्यांच्या मदतीने बुडवलं, आणि तेही पानिपतच्या अवघी पाच वर्षं आधी! म्हटलं, “मला नाही रे ठाऊक. शोधू या दोघं मिळून.”

“म्हणजे सनावळ्या लागणारच,” तो पुटपुटला. “आधी काय, नंतर काय, ते कळल्याशिवाय ‘जर’ म्हणता येत नाही.”

तेव्हा मैत्रिणींनो, घरात इतिहासाला कंटाळलेलं कुणी असेल, तर धपाटा घालण्याआधी ही गोष्ट वाचून दाखवा. गोळी कानाजवळून जाते ना, तिथे क्षणभर थांबा, आणि मुलाला विचारा, “मग पुढे काय झालं असेल?”