नोंदवहीतील नाव आणि तक्रारीची दोन दारे

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले. संबंधित रुग्णालय चालविणारा होमिओपॅथीचा पदवीधर होता. ‘बोगस डॉक्टर’ एवढे म्हणून समाजाने विषय मिटविला. वस्तुतः पदवी असणे आणि त्या विशिष्ट कर्माचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी होत. १९७१ चा गर्भपातविषयक कायदा त्यासाठी निराळी अर्हता व मान्यताप्राप्त स्थान मागतो.

म्हणून सातारा-सांगलीतील एखाद्या औषधी भांडाराच्या मालकाने सायंकाळी रुग्ण तपासण्यासाठी वैद्य नेमताना भिंतीवरील प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. नाव महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या नोंदवहीत आहे काय, दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण झाले आहे काय, आणि चिकित्सा त्याच पद्धतीची आहे काय, हे पाहावे. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पूनम वर्मा खटल्यात (१९९६) नोंदणीकृत होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली, हाच सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा ठरविला आणि ३ लाख रुपये भरपाई देवविली.

आता तक्रारीविषयी. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कौन्सिलकडे जाते. तेथे नाव नोंदवहीतून निघू शकते, पण रुग्णाला पैसा मिळत नाही. भरपाई जिल्हा ग्राहक आयोग देतो. तो नोंदणी काढून घेऊ शकत नाही. रुग्ण अनेकदा चुकीच्या दारी जातो व दोन वर्षांची मुदत गमावतो. त्यास योग्य दार दाखविणे आपल्याच हिताचे आहे, मग तक्रार आपल्या व्यवसायबंधूविरुद्ध का असेना. आयोगाची नोटीस आल्यास मात्र विलंब नको: उत्तरास ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगासही मुदत वाढविता येत नाही, असा घटनापीठाचा २०२० चा निर्णय आहे.

दुकानदारांची स्थिती अधिक नाजूक आहे. निव्वळ आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, निर्मितीस लागतो. त्यामुळे वेष्टनावरील निर्मिती-परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत हीच काय ती त्यांच्या हाती असलेली पडताळणी. बुरशी लागलेले चूर्ण ठोक व्यापाऱ्याने माथी मारले, तरी माल पुनर्विक्रीसाठी घेतलेला असल्याने दुकानदार स्वतः ‘ग्राहक’ ठरत नाही. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, उत्पादकाचा ठावठिकाणा लागत नसेल, तर सदोष मालाचे उत्तरदायित्व विक्रेत्यावर येऊ शकते. गावोगावी मोटारसायकलवरून बिलाशिवाय येणारा ‘स्वस्त’ माल नेमका याच प्रकारचा असतो. खरेदीचे प्रत्येक बिल, बॅच क्रमांकासह, निदान त्या मालाची मुदत संपल्यावर दोन वर्षे तरी जपून ठेवावे.