बाजाराचा नवा कायदा (भाग ७) : न भेटता झालेले संगनमत

मागच्या भागात एकट्या कंपनीची मक्तेदारी पाहिली. तिथे निदान बोट कोणाकडे दाखवायचे हे ठाऊक असते. आजचा प्रकार अधिक निसरडा आहे. दुकाने अनेक, मालक वेगळे, तरी भाव जोडीने चढतात आणि ते चढवताना कोणी कोणाला फोनही केलेला नसतो.

एप्रिल २०११ मध्ये ॲमेझॉनवर ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ या माशीच्या वाढीवरच्या पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलर झाली होती. टपालखर्च ३.९९ डॉलर, तो वेगळा! विक्रेते दोन. पहिल्याचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या भावाला ०.९९८३ ने गुणायचा, म्हणजे त्याच्याहून किंचित खाली राहायचा. दुसऱ्याचा प्रोग्रॅम पहिल्याच्या भावाला १.२७०५८९ ने गुणायचा. त्याच्याकडे बहुधा प्रत नसावीच; गिऱ्हाईक आले तर पहिल्याकडून घेऊन द्यायची, असा हे कोडे उलगडणाऱ्या मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाचा कयास. दर फेरीला भाव सव्वापटीच्या वर जात राहिला. आकडा हास्यास्पद होता म्हणून पकडला गेला. भाव आठ-दहा टक्क्यांनीच चढले असते तर ते कोणाच्या नजरेत आले असते?

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात ‘करारा’ची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. कागद नको, सही नको. नुसती समजूत किंवा संगनमताने केलेली कृतीही पुरते. पण समोरच्या दुकानाची पाटी पाहून आपला भाव बदलणे हा गुन्हा नाही. दोघांमध्ये काहीतरी ठरलेले असल्याचे दाखवावेच लागते.

माणसांनी ठरवले आणि प्रोग्रॅमने राबवले, तर प्रश्न सोपा आहे. ॲमेझॉनवर पोस्टर विकणाऱ्या एकाने प्रतिस्पर्ध्यांशी असेच संधान बांधले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर फौजदारी खटला भरला.

आपल्याकडे प्रश्न आला तो ओला-उबरच्या निमित्ताने. एका वकिलाची तक्रार अशी : चालक हे कंपन्यांचे नोकर नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक आहेत असे म्हणता, तर त्यांनी भाड्यात एकमेकांशी स्पर्धा करायला हवी. पण भाडे ॲप ठरवते, चालकाला ते कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नाही. म्हणजे ॲपच्या आडून शेकडो चालकांचे भाव एकत्र बांधले गेले. स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये तक्रार निकाली काढली. चालकांनी आपसात काही ठरवल्याचा पुरावा नाही, शिवाय वेळ, रस्ता, वाहतूक, मागणी यांनुसार प्रत्येक फेरीचे भाडे निराळे असते, असे आयोग म्हणाला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच निष्कर्ष कायम ठेवला. (जाता जाता न्यायालयाने एक चांगले केले. आयोगाकडे माहिती देण्यासाठी स्वतःचे नुकसान झालेले असण्याची गरज नाही, हे स्पष्ट केले.)

यातले पहिले कारण पटते, दुसरे मला पटत नाही. फेरीगणिक आकडा बदलला म्हणून तो काढणारे सूत्र बदलत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने वेगळ्या धंद्यातल्या मध्यस्थालाही संगनमतात सामील धरण्याची सोय केली खरी, पण मुळात संगनमत होते हे दाखवण्याचे ओझे तसेच राहिले.

आणि मुळात नसेलच तर? बोलोन्यातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वतःहून शिकणाऱ्या प्रोग्रॅमना संगणकावरच्या बाजारात सोडले. सूचना एकच, नफा वाढवा. निरोपाची देवाणघेवाण नाही. तरी ते चढा भाव राखायला शिकले. एकाने भाव पाडला की दुसराही लगेच पाडायचा, आणि अद्दल घडली की दोघे हळूहळू पुन्हा वर चढायचे. प्रयोगशाळेतली गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर जर्मनीतल्या पेट्रोल पंपांचा अभ्यास आडवा येतो. जिथे शेजारी दोनच पंप होते, तिथे एकाने भाव ठरवणारे सॉफ्टवेअर घेतल्याने नफ्याचे प्रमाण वाढले नाही. दोघांनी घेतल्यावर वाढले, तेही लगेच नाही, सुमारे वर्षभराने. जणू शिकायला तेवढा वेळ लागला.

तपास यंत्रणा ईमेल आणि फोनच्या नोंदी चाळतात. इथे त्यात काहीच सापडणार नाही. हाती लागण्याजोगा धागा एकच दिसतो : प्रतिस्पर्ध्यांची खासगी माहिती एकाच सॉफ्टवेअरच्या पोटात जाते का? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रियलपेज कंपनीवर दावा लावला तो याच धाग्यावर. घरमालक आपली भाड्याची माहिती तिला देतात आणि तीच सगळ्यांना भाडे सुचवते, असा आरोप. बोलोन्यातल्या प्रोग्रॅमना मात्र हेही लागू पडत नाही, कारण ते फक्त एकमेकांच्या उघड्या पाट्या वाचत होते.

पुढच्या आठवड्यात : डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मार्च २०२४ चा मसुदा.