देवाला जागा

घोलवडजवळच्या बारडगडावर बहरोटच्या गुंफा आहेत. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे इथे जपला, अशी परंपरा आहे. पुढे वांसदा, नवसारी असा फिरत तो १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला.

लहानपणी शेजारचे पारशी काका हे सांगत, तेव्हा ती मला नुसती गोष्ट वाटे. मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो आणि तिचा अर्थ उमगला. तिथल्या हिंदू मंडळींनी १९७० साली संस्था काढली, फ्लशिंग भागात जुन्या रशियन चर्चची जागा घेतली आणि १९७७ मध्ये तिथे गणपतीचे मंदिर उभे राहिले. आपल्याकडे देव स्वप्नात येऊन जागा दाखवतो. परमुलखात मात्र वर्गणी जमवून कुणीतरी सोडलेली जागा शोधावी लागते.

गणपतीपुढे हात जोडताना एकदम ओशाळलो. आमच्या चिकूच्या वाडीत दूरच्या मुलखातून आलेल्या मजुरांनी चिंचेखाली देव मांडायला हातभर जागा मागितली होती. मी ‘नको’ म्हणालो होतो.

घोलवडला परतलो तो सामान ओटीवर टाकून आधी त्यांच्या खोपटांकडे गेलो. आता चिंचेखाली रोज दिवा लागतो.