ठिणगीला संथ करणारं रबर

न्हावा शेव्याच्या बंदर परिसरातल्या तेलटाक्यांवर टँकर भरायचा असला, की आधी त्याला अर्थिंगचा चिमटा लावतात. नळीतून नुसतं वाहतानाही तेलावर विद्युतभार साठतो, आणि घात व्हायला एक ठिणगी पुरते. तोच भार घरी सर्किट जोडायला बसलेल्या आपल्या बोटांवरही असतो!

झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आतच जायबंदी होतात. म्हणजे चिप मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट जखमी झालेली चिप आज नीट चालते आणि काही महिन्यांनी दगा देते.

न्हावा शेवा-उरणच्या खाडीकाठची दमट हवा इथे आपल्या बाजूची. कोरड्या हवेत विनाइलच्या फरशीवर चालताना अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत भार चढू शकतो, दमट हवेत तो २५०च्या आसपास राहतो. कारण वस्तूंवर बसलेल्या बाष्पाच्या पातळ थरातून भार निसटतो. पण २५० व्होल्टही चिपला जास्तच, आणि एसी लावला की खोलीतलं बाष्प कमी होतं.

म्हणून कामाच्या टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट. खरी नवलाई तिच्या मधलेपणात आहे. प्लास्टिक भार धरून ठेवतं, पत्रा तो क्षणात ओढून घेतो. चांगल्या मॅटचा रोध दहा लाख ते शंभर कोटी ओहमच्या दरम्यान असतो. बोटातून थेट चिपमध्ये उतरणारी ठिणगी सेकंदाच्या सुमारे १५० अब्जांश भागात काम उरकते. तोच भार शंभर कोटी ओहममधून जाताना सेकंदाचा दहावा भाग घेतो, साडेसहा लाखांहून जास्त पट संथ! एवढ्या सवडीने गेलेला भार काहीच जाळत नाही.

घेताना दोन थरांची रबरी मॅट घ्या: वर भार हळू सोडणारा रंगीत थर, खाली कार्बन मिसळलेला काळा. विनाइल स्वस्त पडतं, पण सोल्डरिंगच्या उष्णतेपुढे रबरच टिकतं. सोबत अंगावरचा भार काढून घेणारा मनगटाचा पट्टा हवाच, आणि त्याच्या वायरीत दहा लाख ओहमचा रेझिस्टर असलाच पाहिजे. चुकून २३० व्होल्टला हात लागला, तर पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. तरीही मेन्सवर चालू असलेलं सर्किट मॅटवर कधीच ठेवू नका.

मॅट आणि पट्टा दोन्ही एकाच अर्थिंगला जोडायचे. सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे का, हे मॅट मागवण्याआधीच वायरमनकडून तपासून घ्या.